काचेवरचे पांढरे डाग घासून जायचे नाहीत

काका, नमस्कार.

आम्ही पुण्याजवळ वाघोलीला राहतो. सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं पाणी. आरओ मशीनच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी ते रोज बादलीत धरते आणि गाडी पुसायला येणाऱ्या मामांना देते. गेल्या वर्षभरात गाडीच्या सगळ्या काचांवर पांढरे ठिपके आणि ओघळ उठलेत. मागच्या डाव्या दाराची काच तर सगळ्यांत वाईट, तिच्यावर वाटाण्याएवढे जाड पांढरे डाग आहेत. रात्री नगर रोडनं घरी येताना समोरच्या गाड्यांचे दिवे काचेवर असे पसरतात की क्षणभर काही दिसत नाही. मुलानं इंटरनेटवर बघून टूथपेस्ट लावली, कोल्ड्रिंक ओतलं, आता ब्लेडनं खरवडू म्हणतोय. डिटेलिंगवाला काचांचं पॉलिश आणि वर कोटिंग मिळून पाच आकडी पैसे सांगतो. आमच्या ह्यांचं म्हणणं, मामा घाणेरड्या फडक्यानं पुसतात म्हणून हे झालं, त्यांना बंद करू. घासून घासून माझे हात दुखले. डाग जाणार कसे? पुढची काच बदलावी लागेल का? आणि मामांचं काय करू?

— एक शिक्षिका, वाघोली

ताई, मामांना बंद करू नका. निदान या कारणासाठी तरी नको. फडकं घाण असलं तर काचेवर केसासारखे बारीक ओरखडे येतात, पांढरे ठिपके नाही. ठिपके येतात बादलीतल्या पाण्यातून. आणि ती बादली, राग मानू नका, तुम्ही भरून देताय.

आरओ मशीन आत आलेल्या पाण्यातलं थोडं पाणी गाळून पिण्यासाठी देतं आणि त्यातले क्षार उरलेल्या पाण्याबरोबर नळीतून बाहेर काढून टाकतं. समजा तुमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरात विरघळलेले एकूण क्षार, ८०० मिलिग्रॅम आहे आणि मशीन एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे तीन लिटर बाहेर सोडतंय. मग त्या तीन लिटरांचा टीडीएस हजाराच्या पुढे जातो. म्हणजे मुळातच जड असलेल्या पाण्यातले क्षार आणखी दाट करून तुम्ही ते रोज सकाळी गाडीला पाजताय. पाणी वाचवायची सवय सोडू नका, फक्त ते पाणी फरशी पुसायला, मोरी धुवायला, संडासात ओतायला वापरा. गाडीच्या काचांपासून लांब ठेवा.

आता हे क्षार येतात कुठून? पुणे आणि आसपासचा सगळा भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलाय. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. बोअरमधून आपण तेच वर काढतो. पाणी दिसायला नितळ असतं, कारण क्षार विरघळलेले असतात. थेंब काचेवर सुकायला लागला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच हा. धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या पुण्यातल्या जुन्या पेठांमधल्या लोकांना हा त्रास फारसा माहीत नसतो, म्हणून ते तुम्हाला 'जरा नीट पुसत जा' असा सल्ला देऊन मोकळे होतात.

एकदा उजेडात एखादा ठिपका अगदी जवळून बघा. मधली काच बऱ्यापैकी स्वच्छ आणि कडेनं पांढरी कडी, असा दिसेल. थेंब कडेनं आधी सुकतो, आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि क्षार तिथं साचत जातात. दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरा थेंब, तिसऱ्या दिवशी तिसरा. वर्षभर हे चाललंय.

आरओवाला टीडीएसचं मीटर बुडवून आकडा सांगतो, त्यावरून अंदाज येतो, पण ते मीटर सगळे क्षार एकत्र मोजतं. डाग पाडणारा कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, हा त्यातला एक हिस्सा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. त्यामुळे सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पाण्याचा रिपोर्ट लागला आणि त्यात 'योग्य' असं लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ पिण्यास योग्य, एवढाच. काचेला २०० सुद्धा पुरे होतात.

पण मला तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त खटकली ती मागच्या डाव्या दाराची काच. मामा सगळ्या काचा एकाच बादलीनं, एकाच फडक्यानं पुसतात. मग एकाच काचेवर वाटाण्याएवढे जाड डाग का? उद्या गाडी काढायच्या आधी तुमच्या पार्किंगमध्ये उभ्या राहा आणि वर बघा. त्या दाराच्या बरोबर वर स्लॅबला ओल असेल, भेगेतून पांढरा ओघळ आला असेल, कदाचित पांढऱ्या काड्या लोंबत असतील. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं किंवा पोडियमवरच्या बागेचं पाणी काँक्रीटमधून झिरपतं तेव्हा सिमेंटमधला मोकळा चुना सोबत घेऊन खाली टपकतं. हे पाणी नुसतं जड नसतं, ते जबरदस्त अल्कधर्मी असतं. अल्क काचेला खातं. बोअरच्या पाण्याचे डाग काचेवर बसतात, हे मात्र काचेत शिरतं, आणि पत्र्यावरचा रंगही खराब करतं. त्या दाराच्या वर टपावर असेच ठिपके आहेत का तेही बघा. असले तर माझा अंदाज पक्का समजा, आणि काच साफ करण्याआधी गाडीची जागा बदलून घ्या. टपकणं चालू ठेवून डाग काढणं म्हणजे गळक्या छताखाली फरशी पुसत बसणं.

आता डाग काढायचे कसे. घासायचं नाही, विरघळवायचं. हात दुखले कारण तुम्ही दगड घासत होतात. चुनखडीवर आम्ल पडलं की ती फसफसते आणि विरघळते, एवढी साधी गोष्ट आहे. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर पुरेसं आहे. ते चार-पाच टक्क्यांचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं. लाल-तपकिरी व्हिनेगर नको. लिंबाचा रसही चालतो तत्त्वतः, पण चार काचांना किती लिंबं पिळणार, आणि गर चिकटतो तो वेगळाच.

सुरुवात मागच्या छोट्या काचेपासून करा, पुढच्या काचेपासून नको. हात बसू दे. गाडी सावलीत उभी करा, काच हाताला गार लागली पाहिजे. उन्हात तापलेल्या काचेवर व्हिनेगर लगेच सुकतं आणि नवेच डाग पडतात. आधी भरपूर पाण्यानं आणि गाडीच्या शाम्पूनं काच धुऊन घ्या. ही पायरी कंटाळा करून गाळू नका, कारण काचेवरची धूळ म्हणजे बारीक वाळू, आणि वाळूतली गारगोटी काचेपेक्षा कठीण असते. धूळ न काढता चोळलं की ओरखडे नक्की.

मग काचेच्या खालच्या कडेला, दाराच्या पत्र्यावर, एक ओलं फडकं पसरा. व्हिनेगरचे ओघळ रंगावर, क्रोमच्या पट्टीवर फार वेळ राहू द्यायचे नाहीत. टिश्यू पेपर किंवा कापूस व्हिनेगरमध्ये भिजवून काचेवर सरळ चिकटवून टाका, ओल्या पोस्टरसारखा. पाणी मिसळू नका. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू दे, मधून मधून वरून थोडं शिंपडून ओलं ठेवा. कान जवळ नेला तर जाड डागांवर हलकी चुरचुर ऐकू येईल, आणि कागदाखाली बारीक बुडबुडे दिसतील. ते दिसले की समजा, डाग चुनखडीचा आहे आणि तो हलतोय.

कागद काढा आणि भांडी घासायच्या स्पंजच्या मऊ, पिवळ्या बाजूनं गोल गोल चोळा. हिरव्या बाजूला हात लावू नका. धुवा, पुसा, बघा. जुन्या डागांना दोन-तीन वेळा हेच करावं लागेल. एका बैठकीत सगळं जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, एक रविवार एका बाजूला, दुसरा रविवार दुसऱ्या.

व्हिनेगरनं फिके झाले पण गेले नाहीत, तर लिंबूसत्त्व आणा. पाव लिटर कोमट पाण्यात दोन पोह्यांचे चमचे. ते व्हिनेगरपेक्षा जोरात काम करतं आणि घरभर वास सुटत नाही. एक काळजी घ्या: ते काचेवर सुकू देऊ नका. लिंबूसत्त्व आणि कॅल्शियम मिळून जो क्षार बनतो तो पाण्यात फारसा विरघळत नाही, सुकला की पुन्हा पांढरटपणा येतो. लावा, थांबा, ओलं असतानाच भरपूर पाण्यानं धुऊन टाका. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला तांबूस आडव्या रेषा असतात, दव घालवणाऱ्या हीटरच्या. आतून तिथं ना स्पंज, ना आम्ल. फिल्म लावली असेल तर तीही आतूनच असते. तुमचे डाग बाहेरचे आहेत, काम बाहेरच करायचं.

आणि हे सगळं करताना व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा मिसळायचा नाही. इंटरनेटवर तो फेस बघून लोकांना वाटतं काय जोर आहे! सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात, उरतं खारट पाणी. ब्लीचिंगचं कुठलंही द्रव व्हिनेगरजवळ आणायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. संडासाचं अ‍ॅसिड काच साफ करेल, पण त्याची वाफ आणि ओघळ क्रोम, अ‍ॅल्युमिनियम आणि तुमची फुप्फुसं यांच्या मुळावर येतील. काही बाजारू 'डाग रिमूव्हर'मध्ये फ्लोराइडची आम्लं असतात. ती काचेलाच विरघळवतात आणि कातडीतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करतात. बाटलीवर 'हायड्रोफ्लोरिक' किंवा 'बायफ्लोराइड' वाचलं की जागच्या जागी परत ठेवा.

मुलाचं टूथपेस्ट निरुपद्रवी, पण तेवढंच निरुपयोगी. कोल्ड्रिंकमध्ये थोडं आम्ल असतं खरं, त्याबरोबर साखरही असते, मुंग्यांची सोय. ब्लेड मात्र हातातून काढून घ्या. बाजूच्या काचा टफन केलेल्या, म्हणजे तापवून झटकन गार करून मजबूत केलेल्या असतात. भट्टीत तापवताना अशा काचेच्या पृष्ठभागावर न दिसणारे कण चिकटून राहिलेले असू शकतात. ब्लेडखाली एखादा कण आला की तो काचभर घसटत जातो आणि लांब ओरखडा उमटतो, तो आयुष्यभर तसाच.

एवढं करून उरेल ते काय? आता नखाची परीक्षा. कोरड्या काचेवर उरलेल्या डागावरून नख फिरवा. खरखर लागली तर वर थर शिल्लक आहे, आणखी एक फेरी मारा. आपल्याकडच्या खडकातल्या पाण्यात सिलिकाही असते, आणि तिच्यावर व्हिनेगरचा काही परिणाम होत नाही, त्यामुळे एखादा पातळ, हट्टी थर उरू शकतो. नख गुळगुळीत सरकलं पण डाग दिसतोच आहे, तर तिथं काच खाल्ली गेलीये. मागच्या डाव्या काचेवर असं निघेल असं मला वाटतं. दोन्ही बाबतीत मग आम्ल संपलं, पॉलिशची पाळी आली. काचकाम करणारे सिरियम ऑक्साइड वापरतात, फिकट गुलाबी-पिवळसर पूड, पाण्यात कालवून नमद्याच्या चकतीनं घासायची. हातानं केलं तर वेळ खूप जातो. मशीननं काच एका जागी तापू नये याची काळजी घ्यावी लागते. हे डिटेलिंगवाल्याला करू द्या, पण फक्त त्या एका काचेसाठी. सगळ्या काचांचं पॅकेज घ्यायची गरज नाही. आणि तो कोटिंगची जी बढाई मारतोय, तिचा खरा उपयोग इतकाच की थेंब गोल होऊन घसरतात आणि राहिलेला डाग लवकर निघतो. जड पाण्याचा थेंब कोटिंगवर सुकला तर ठिपका पडायचाच. बाजूच्या दाराच्या काचेचं पॉलिश आणि नवी काच यांचा भाव दोन्हीकडे विचारून बघा, बरेचदा नवी काच फारशी महाग पडत नाही.

पुढच्या काचेचं वेगळं. ती दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर घालून बनवलेली असते, आणि तुम्ही तिच्यातून रस्ता बघता. तिच्यावर एका ठिकाणी जास्त पॉलिश झालं तर तिथं भिंगासारखा दोष येतो, समोरची गाडी हलल्यासारखी दिसते. म्हणून पुढच्या काचेवर व्हिनेगर, लिंबूसत्त्व, धीर. पॉलिश शेवटी, आणि अगदी हलकं. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरचा पट्टा खरोखरच खाल्ला गेला असेल तर मात्र बदला, त्यात कंजुषी नको.

पण बदलायचा निर्णय घ्यायच्या आधी काच आतून साफ करा. दिवे पसरतात असं तुम्ही लिहिलंय, त्यातला बराच दोष आतल्या बाजूचा असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. उन्हात डॅशबोर्डचं प्लास्टिक तापलं की त्यातून तेलकट वाफ निघते आणि काचेवर आतून बसते. बोट फिरवलंत तर रेघ उमटेल. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्यानं. मग रात्री गाडी चालवून बघा आणि ठरवा. वायपरचं रबरही ओल्या फडक्यानं पुसून घ्या. त्यात अडकलेले क्षाराचे कण प्रत्येक फेरीला काचेवर घासले जातात. काचेवर वायपरच्या कमानीत धूसर पट्टा दिसत असेल तर तो यामुळेच.

यापुढे डाग पडू नयेत यासाठी पाणी बदलता येत नसेल तर सुकणं बदला. जड पाण्यानं गाडी धुतली तरी चालते, फक्त पाणी काचेवर स्वतःहून सुकू द्यायचं नाही. मामांना दोन फडकी द्या, एक ओलं, एक कोरडं. जुनं सुती बनियन छान चालतं, मायक्रोफायबर असेल तर उत्तम. एक काच ओल्यानं पुसली की लगेच तीच कोरड्यानं, मग पुढची. आता ते काय करतात, अख्खी गाडी ओली करून पुढच्या गाडीकडे जातात. पहाटे उजाडायच्या आत वीस गाड्या उरकायच्या असतात, त्यांना तरी काय म्हणणार. तुमच्या गाडीचा वेळ वाढेल, तर महिन्याचे पैसेही थोडे वाढवा आणि ह्यांना सांगा की काच बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. रोज ओलं करण्याची गरजही नाही. एक दिवसाआड कोरड्या झटकणीनं धूळ काढली तरी भागतं, पण झटकायचं, दाबून पुसायचं नाही.

आणि शेवटचा हात मऊ पाण्याचा फिरवता आला तर फारच छान. घरात एसी असेल तर त्याच्या नळीखाली बादली लावा. ते हवेतलं दव आहे, त्यात क्षार नसतात. मुंबईत एका रात्रीत बादली भरते, आपल्याकडे उन्हाळ्यात कोरड्या हवेमुळे तांब्याभरावर समाधान मानावं लागतं, पण काचा पुसायला तेवढं पुरतं. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी धरा. तेही नसेल तर आरओचं पिण्याचं पाणी एक तांब्या.

वायपरच्या पाण्याच्या टाकीत कोणतं पाणी भरता? बॉनेटखालच्या त्या टाकीत बोअरचं पाणी भरलं तर काचेवर रोज नवे डाग फवारले जातात, आणि फवाऱ्याची बारीक भोकं क्षारांनी बुजतात. टाकी रिकामी करून त्यात पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी भरा. भोकं बुजली असतील तर बारीक सुईनं मोकळी करता येतात.

स्लॅबचं मात्र मामांना नाही, सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगायचं आहे. टपकणाऱ्या जागेचा, टपावरच्या डागांचा आणि काचेचा तारीखवार फोटो काढा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला की प्रत्येक मीटिंगमध्ये 'बघू' म्हणतात. अर्जावर आणखी दोन-तीन गाडीवाल्यांच्या सह्या असल्या की काम हलतं, तेव्हा त्या लोंबत्या काड्यांखाली आणखी कुणाच्या गाड्या उभ्या असतात तेही बघून ठेवा.